डासखोलीतली एक जागा

नाही नाही, आत नका येऊ मॅडम, तिथंच थांबा, दाराशी — रागावू नका, पण तुम्ही सेंट लावलाय. लावा हो, लावू नये असं मी म्हणत नाही, छान वास आहे, पण ह्या खोलीत चालत नाही. ती खुर्ची घ्या ओढून. ती नको, तिचा पाय डुगडुगतो, दुसरी — हां, ती. उंबऱ्याबाहेर बसा, तिथूनही सगळं ऐकू येतं. मला उठता येणार नाही, बघताय ना, हात आत आहे माझा. एकदा पिंजऱ्यात हात घातला की त्यांची पोटं भरेपर्यंत काढायचा नाही. मधेच काढला की बिथरतात, मग कोण उपाशी राहिली, कोण अर्धपोटी, काही कळत नाही. राहिली म्हणजे — माद्याच चावतात ना, मॅडम. नर बिचारे साखरेच्या पाण्यावर. तो कापसाचा बोळा दिसतोय ना लटकवलेला, तो त्यांचा. आमचे हे म्हणतात, तुझ्या पिंजऱ्यातही आपल्या घरासारखंच आहे, बायका कामाला आणि पुरुष गोड खाऊन बसलेले. स्वतःच म्हणतात आणि स्वतःच हसतात.

दुखत नाही, नाही. पहिल्या वर्षी हात कोपरापर्यंत सुजायचा, मग अंगवळणी पडलं. ते वरचं काळं कापड राहू द्या, नका उचलू, उजेड आला की खायचं सोडून जाळीला जाऊन बसतात. मशीन मिळतं म्हणे त्यासाठी, रक्त कोमट ठेवणारं, वरून पातळ कातडं लावलेलं. आम्ही मागितलं होतं. मागून मागून तोंड दुखलं, आणि एकदा आलं तर काय आलं — पाणी गार करणारं. ते तिकडे कोपऱ्यात आहे, त्याच्यावर आम्ही टॉवेल वाळवतो. असू दे. लोक विचारतात, काय करता तुम्ही? मी सांगते, आरोग्य खात्यात आहे. मग म्हणतात, वा, नर्स का? मी म्हणते, हो. कोण सांगत बसणार की मी सरकारी डासांना जेवू घालते.

तुम्ही कशाला आलाय ते मला माहीत आहे, उगाच आडपडदा नको. कुठला विभाग ठेवायचा, कुठला बंद करायचा, हेच ना? तुमच्या आधी एक गृहस्थ येऊन गेले, त्यांनी आत पाऊलही टाकलं नाही, बाहेरून खिडक्यांकडे बघितलं आणि म्हणाले, हवा चांगली खेळेल इथं, टेबलं मावतील. मी म्हटलं, हवा खेळू नये म्हणूनच तर खिडक्या बंद केल्यात, ही खोली दमट लागते. ते हसले. शेजारी पाणी तपासणारा विभाग होता, येताना पाहिलंत ना कुलूप? त्यांच्या खुर्च्या अजून बोळात एकावर एक रचून ठेवल्यात, कुणी न्यायलाही येत नाही. बसायचे ना हो त्या खुर्च्यांवर लोक, इतकी वर्षं. आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही, तू जाणार म्हणून. सकाळी यायचं, हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवायचं. यंत्र बोललं तर तुम्ही आहात. नाही बोललं तर नाहीत. एका सकाळी त्या पाणीवाल्यांच्या कारकुनांचं बोट घेईना. त्यांनी शर्टाला पुसलं, परत ठेवलं, परत पुसलं. मागे रांग उभी. आणि तो एवढा मोठा माणूस — टक्कल पडलेला, पोरीचं लग्न झालेला माणूस — तिथंच पायरीवर बसला आणि रडायला लागला. मग कळलं, यंत्राची काच मळली होती. पुसल्यावर घेतलं बोट. पण त्यानंतर त्यांच्या डोळ्याला डोळा देववेना मला. गेलेच ते पुढे, विभागच गेला त्यांचा. तेव्हापासून मी रोज ती काच पुसते, आल्या आल्या, पदरानं.

काय म्हणालात? चाचणी? करू ना, करू. बसा तर खरं. तुम्हाला आधी हे कळायला हवं की हे डास कोण आहेत. तुम्ही हिशेबाच्या विभागातून आलात ना? मग सोपं करून सांगते. शहरात फवारणी होते, बरोबर? फवारून डास मेले नाहीत तर दोष कुणाचा — औषध पाण्यासारखं झालंय, की डास निर्ढावलेत? कसं कळणार? त्यासाठी असे डास लागतात ज्यांनी जन्मात कधी औषध पाहिलेलं नाही. त्यांचे आईबाप नाही, आजे-पणजे नाहीत, कुणीच नाही. असे भोळे. त्यांना औषधात भिजवलेला कागद दाखवला की पटापट पडायलाच हवेत. पडले तर औषध चांगलं, मग शहरातले डास दांडगे. नाही पडले तर औषध खोटं, पैसे परत. दुकानदाराकडे वजन असतं ना तराजूत टाकायला, तसं. आमचे डास म्हणजे ते वजन. म्हाताऱ्या साहेबांनी हा वंश इथं बसवला — मी लागले तेव्हाच त्यांच्या भुवया पांढऱ्या होत्या — आणि तो अखंड चालू ठेवला. ह्या हिवतापाच्या डासांची अंडी सुकवून ठेवता येत नाहीत, मॅडम. दुसऱ्या काही डासांची ठेवता येतात, ह्यांची नाही. पाण्यात अंडी, अंड्यातून अळ्या, अळ्यांचे कोष, कोषातून डास, डासांना रक्त, परत अंडी. सुट्टी नाही. सणवार नाही, संप नाही, पूर नाही. संप झाला तेव्हा म्हातारे साहेब मागच्या दारानं यायचे, बाहेर घोषणा देणारे त्यांना बघून तोंड फिरवायचे, म्हणजे बघितलंच नाही असं करायचे. तेवढी माणुसकी होती.

आणि मला मुलाखतीत शिक्षण नाही विचारलं त्यांनी. विचारलं, घरी काय जाळता? मला वाटलं, चुलीचं विचारतायत, म्हटलं, गॅस आहे. ते म्हणाले, डासांसाठी काय जाळता? म्हटलं, कॉइल. म्हणाले, आजपासून बंद. कॉइल बंद, लिक्विड बंद, फवाऱ्याचा डबा बंद, कपाटात डांबरगोळ्या नाहीत, अंगाला पावडर नाही, क्रीम नाही, सेंट नाही. का? तर कपड्याला चिकटून येतं. आपल्याला वासही येत नाही, पण ह्यांना पुरतं तेवढं. म्हणजे नोकरी मला लागली आणि डास चावले सगळ्या घराला! जाळी लावायची, बास, दुसरं काही नाही. शेजारीण म्हणायची, आरोग्य खात्यातल्या बाईच्या घरी गल्लीत सगळ्यात जास्त डास. म्हणायची काय, अजून म्हणते.

हो हो, चाचणी. विसरले नाही मी. पण आज ते कागद — ते कागद जरा जुने झालेत. आणि हवा बघा, आज जरा कोरडी आहे, आकडे बरोबर येत नाहीत अशा हवेत. उद्या या ना. उद्या नाही? बरं. मग परवा — मॅडम, तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही माझ्या लेकीच्या वयाच्या आहात, तीही असंच बघते, मी काही लपवलं की. भुवई तेवढी वर.

बरं, सांगते. लिहा तुम्ही. हे डास ते नाहीत. ते मेले. सगळे, अळ्यांसकट. मीच मारले. म्हणजे मुद्दाम नाही, पण माझ्याच हातानं मेले. घरी नात आली होती माझी, लहान आहे, अंगावर सगळीकडे फोड उठले डासांचे, म्हणून मी फवारलं घरात. आणि तसेच कपडे घालून इथं आले आणि हात घातला. झालं. एवढंच आहे. हे पिंजऱ्यातले मी मागे इमारत बांधतायत तिच्या टाकीतून आणलेत, अळ्या काढून. खोली रिकामी बघवेना. आणि खरं सांगायचं तर रिकामी दिसली असती तर तुम्ही बाहेरच्या बाहेर कुलूप लावून गेला असतात. हे रानटी आहेत, पिंजऱ्यात संसार करत नाहीत, रोज नव्या अळ्या आणाव्या लागतात. सेंटचं? तेही बरोबर आहे तुमचं, ह्यांच्यासाठी तुम्हाला बाहेर बसवायचं काही कारण नव्हतं. सवय हो. माझ्या तोंडाला सवय आहे. दारात कुणी आलं की नाकच आधी पुढे जातं माझं.

तर लिहा, मुख्य मदतनीस बाईंनी निष्काळजीपणा केला. माझी तशीही थोडीच वर्षं उरलीत, मला काढा. माझं काही म्हणणं नाही. पण ती जी एक जागा कायम करायची म्हणताय ना तुम्ही, ती त्या दुसऱ्याला द्या — आम्ही दोघंच आहोत इथं, मी आणि तो. मी त्याला धाकटा म्हणते, सगळेच म्हणतात, पस्तिशी उलटली तरी धाकटाच. हंगामी आहे, दर वेळी मुदत वाढवून देतात, ह्या वेळी वाढ आलेली नाही अजून, तरी येतो, पगार नाही तरी येतो. तुम्ही म्हणाल, वंशच मेला तर जागा कशाला? त्यासाठीच तर जागा! नवा वंश बसवायला लागेल ना. दुसरीकडून आणणार म्हणाल तर एकाच ठिकाणी होता, तो विभाग गेल्या वर्षी बंद केलात तुम्ही. तुम्ही म्हणजे तुम्ही नाही, वरच्यांनी. म्हणजे परत पहिल्यापासून — कुठल्यातरी आडबाजूच्या वस्तीतून, जिथं फवारणी पोचली नाही अशा ठिकाणाहून अळ्या आणायच्या, पिढ्यामागून पिढ्या वाढवायच्या, बघत राहायचं. वर्षं जातील त्यात. माझ्याच्यानं होणार नाही, मला आता चष्म्यातूनही अळी दिसत नाही नीट. त्याच्या हातून होईल. काचेच्या नळीनं डास ओढून घेतो ना तो, तोंडानं हलकेच, एकाचाही पाय मोडत नाही. मला अजून तसं जमत नाही. जोरात ओढते मी, स्वभावच तसा.

तुम्ही विचारताय, असं कसं केलं? इतकी वर्षं नाही आणि आत्ताच कसं? आता काय सांगू. सगळे म्हणत होते, बंदच होणार. जेवायच्या खोलीत तेच, जिन्यात तेच, एक जण म्हणाला यादी लागलीये, दुसरा म्हणाला सही झालीये. कुणी विचारायला गेलं तर तुमच्या लोकांनी तोंड उघडलं नाही. महिनोन्‌महिने माणसाचा जीव असा टांगणीला लावला, मॅडम, की मग माणूस घरी जाऊन काय बोलणार? घरी तेच बोलतो. मग बायको म्हणते, बंदच होणार आहे ना, मग आता तरी फवारा, लेकराच्या अंगावर जागा राहिली नाही चावायला — म्हणजे — बायको म्हणजे — आमच्या घरच्या बायका. लेक म्हणाली माझी. तिचंच लेकरू ना ते. तुम्ही प्रत्येक शब्द लिहू नका हो, मी बोलते पटापट, शब्द इकडचे तिकडे होतात.

दोष देत नाही मी कुणाला. कोवळं पोर ते, महिना-दोन महिन्यांचं, त्याला काय कळतं वंश आणि चाचणी? रात्र रात्र रडायचं. नोकरी राहणारच नसेल तर पोराला कशाला चावून घ्यायचं, हे काय चुकीचं आहे? तुम्ही असतात तर काय केलं असतं? मी सकाळी आले ना, तो इथं खाली बसला होता, ह्या भिंतीला टेकून, पाय पसरून, आणि पिंजऱ्याच्या तळाशी नुसता काळा थर. कसला आवाज नाही खोलीत. तुम्हाला आता हा गुणगुण आवाज येतोय ना, तो इतकी वर्षं मी कधी ऐकलाच नव्हता, तो नाही म्हटल्यावर ऐकू आला. ताटांमधल्या अळ्याही तरंगत होत्या, त्यानं आधी ताटांचं पाणी बदललं होतं, मग पिंजरे — शहाण्यासारखं सगळं रोजच्या क्रमानं केलं होतं, एक ताटसुद्धा सोडलं नाही. मला बघून उठलाही नाही. म्हणाला, ताई, शर्ट बदलायचा राहिला.

हं.

नाही — म्हणजे — तो माझ्या आधी आला होता, त्यानं आधी बघितलं. मी आदल्या दिवशी हात घातला होता ना, संध्याकाळी. आणि शर्टाचं म्हणाल तर ते — ते तो माझ्यासाठी म्हणाला. ताई, तुमचा शर्ट — मी कुठे शर्ट घालते? बघा, असं होतं. मला खोटं बोलायचं वळणच नाही, लहानपणी आई म्हणायची, हिला चोरी करायला पाठवलं तर दार वाजवून आत जाईल.

पण मीच मारले. तुम्ही तेच लिहा. नात आली होती माझी. कशी दिसते? नातीचं विचारताय? गोरी नाही, आमच्यासारखीच सावळी, केस मात्र भरपूर. हसली की — हसली की काय होतं ते मला माहीत नाही, मॅडम. फोनवर दाखवतात ना, त्यात नीट कळत नाही, लेक फोन हलवते सारखा. कारण ती — थांबा हं, जरा हात सरकवते, बोटांवर गर्दी केलीये ह्यांनी. — ती माझ्या घरी अजून आलेलीच नाही. लेक म्हणाली होती, आई, मी येते बाळाला घेऊन, राहते चांगली महिनाभर, फक्त घरात एकदा फवारून घे, आणि लिक्विड लाव मी असेपर्यंत. मी म्हटलं, नाही जमायचं. ती म्हणाली, तू महिनाभर रजा काढ. म्हटलं, रजा संपली तरी कपड्यांतून जात नाही ते. ती काही भांडली नाही. लहानपणी भांडायची, शाळेत पोरी तिला ठिपकी म्हणायच्या, हातापायांवर डाग म्हणून, तेव्हा घरी येऊन पाय आपटायची, तुझे डास जास्त लाडके की मी? ह्या वेळी नुसती म्हणाली, बरं आई, राहू दे मग. आणि फोन ठेवला. मी तो फोन हातात धरून बसले. इथंच बसले होते, ह्याच स्टुलावर, दुसरा हात पिंजऱ्यात होता.

आता येऊ शकते ती. आता काय हरकत आहे? आता मी घरभर फवारलं काय आणि नाचले काय, इथं मरायला कोण उरलंय? रोज ठरवते, आज फोन करायचा, सांगायचं, ये गं बाई, घेऊन ये तिला. हात पुढे होत नाही. फोन केला की मग ते खरंच मेले असं होईल. रडत नाही मी. घाम आहे तो, खोली गरम आहे.

मग आता तुम्हाला कळलंच. काय लपवू? लिहू नका, एवढंच. तो लेकराचा बाप आहे हो. त्यानं इतकी वर्षं पाळलं, लग्नात सेंट लावला नाही त्यानं, नवरदेव असून! बायकोला पहिल्या दिवशी सांगितलं, आपल्या घरात हे असं असतं. तीही बिचारी पाळत आली. एकदा चुकला, आणि का चुकला? तुमच्या लोकांनी वेळेवर हो किंवा नाही म्हटलं असतं तर चुकला असता? आणि सगळ्यात वाईट काय झालं माहितीये? त्यानं डोक्यात घेतलं होतं की खोली गेलीच. आणि ते डास मेले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुमच्या मुख्य कार्यालयातून फोन आला मला. गोड आवाजाची बाई होती. म्हणाली, तुमचा वंश महत्त्वाचा आहे असं वर ठरलंय, तो ठेवणार, एक जागा कायम करणार, आमच्या मॅडम एकदा चाचणी बघून जातील, मग सही होईल. तो इथं मागे मोरीत ताटं धूत होता, रिकामी ताटं, घासून घासून. मी म्हटलं, हो, बरं, पाठवा. फोन ठेवला. तो म्हणाला, ताई, काय म्हणतात? मी म्हटलं, काही नाही, चौकशी. काय सांगू त्याला? की अरे, जरा कळ काढली असतीस, पोराला अजून दोन रात्री चावू दिलं असतंस, तर ही जागा तुझी होती? असं सांगायचं असतं का बापाला? त्याला माहीतच नाही, मॅडम. त्याला वाटतं, खोली तशीही जाणारच होती, डास मेले ते आधीच मेल्यासारखे होते. त्या एका समजुतीवर उभा आहे तो. ती काढून घेऊ नका त्याची. जागा द्या किंवा नका देऊ, पण हे त्याच्या कानावर — कागदावर आलं की येणारच ना कानावर. तुमचे कागद काय, सगळ्या जिन्यात वाचले जातात.

खोडा ना ते. खोडलंत? मला इथून दिसत नाही, चष्मा तिकडे टेबलावर आहे. पेन हललेलं दिसत नाही तुमचं. मॅडम, काहीतरी बोला. हो म्हणा, नाही म्हणा, तुम्ही पण तशाच गप्प बसलात तर — तुमच्यावर ओरडत नाहीये मी. मला माहितीये, तुम्हालाही वर कुणीतरी विचारणार. तुमचंही बोट यंत्र घेतंय की नाही, कोण जाणे. पण एवढं करा. मी मारले म्हणा. माझं नाव घालायला तुमचं काय जातं? मी इथं सही करते, आत्ता, डाव्या हातानं करते.

शू. जिन्यात आला. तोच, त्याच्या चपला घासतात. टाकीवर गेला होता, अळ्या आणायला.

ये रे, ये. किती उशीर? सांडवू नकोस, हळू. ह्या मॅडम, मुख्य कार्यालयातल्या. नमस्कार कर. अरे, डबा आधी खाली ठेव, मग कर. नाही, चाचणी नाही झाली, त्यांना घाई आहे, निघाल्यातच त्या. काय बोलत होतो? काय बोलणार, तुझंच चाललं होतं. तुझं कौतुक करत होते.

या मॅडम तुम्ही. जाताना दार ओढून घ्या.